रेडिओवर गाणी कशी ऐकावीत : शिवणाच्या टेबलावरून

माझं दुकान म्हणजे धनकवडीतल्या आमच्या घराची पुढची खोली. ब्लाऊज, फॉल-पिको, सणासुदीला लहान मुलींची परकर-पोलकी. दिवसभर हात गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून कान मी रेडिओला देऊन टाकले आहेत. माप द्यायला आलेल्या मुली विचारतात, "काकू, मोबाइलवर हवं ते गाणं लागतं, मग रेडिओ कशाला?" अगं, हवं ते लावायचं तर ते आधी माहीत असायला हवं ना. आज जी गाणी मला जिवापाड आवडतात, त्यातली कितीतरी मी कधी मागितलीच नसती, कारण ती आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी निवेदकाने ती शोधून काढली आणि मी हुक लावत बसलेली असताना ऐकवली. रेडिओ ऐकायची इच्छा खूप जणांना असते, पण लावतात आणि दोन दिवसांत कंटाळतात. कंटाळा येऊ नये म्हणून काय करायचं, ते माझ्या सवयींवरून सांगते.

रेडिओ कोणता घ्यावा

एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला घ्या, आणि विजेवर नि सेलवर दोन्हींवर चालणारा घ्या. सेल का, ते पुढे सांगते. आवाजाचं बटण गोल फिरणारं असावं. हात कापडात असताना दाबायची बारीक बटणं शोधत बसणं जमत नाही.

स्पीकर निदान पंजाएवढा हवा. मुठीत मावणाऱ्या रेडिओवर बातम्या स्वच्छ कळतात, पण तबल्याचा डग्गा त्यात नाहीसा होतो, आणि डग्गा गेला की भावगीत असो की ठुमरी, दोन्ही पोरकी वाटतात. दुकानात रेडिओ लावून बघा आणि एखादा भारदस्त पुरुषी आवाज लागेपर्यंत थांबा. हेमंतकुमारांचं गाणं लागलं तर फारच छान. त्यांचा खर्ज घरघरत आला तर तो रेडिओ परत ठेवा. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, ब्लूटूथ, रंगीत दिवे असं सगळं भरलेल्या स्वस्त सेटमध्ये स्टेशन पकडायची ताकद बहुधा कमी असते. पैसे स्पीकरवर आणि ट्यूनरवर खर्च झालेले बरे.

काट्याचा घ्यावा की आकड्यांचा? आकड्यांवर पुण्याची विविध भारती 101 वर लगेच सापडते. काट्यावर ती शोधावी लागते, पण शोधताना वाटेत दुसरं काही भेटतं, म्हणून मला काटा आवडतो. आकड्यांचा घेणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत 10 च्या. अमेरिकेहून कुणी प्रेमाने रेडिओ आणला तर त्यावर पुणे आकाशवाणीचं मीडियम वेव्हवरचं 792 नीट लागत नाही, तो 790 वरून थेट 800 वर उडी मारतो. पुष्कळ सेटमध्ये 9 आणि 10 असं बदलायची सोय असते. ती कुठे आहे ते माहितीपत्रकात शोधा.

मोबाइलमध्ये एफएम असेल तर प्रवासात तोही चालतो, पण वायरचे इअरफोन लावावे लागतात, कारण ती वायरच एरियलचं काम करते. नव्या फोनांना इअरफोनचं भोकच नसतं, त्यामुळे ही सोय कमी होत चालली आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवावा अशी सूचना केली होती. नवा फोन घेताना दुकानदाराला हे मुद्दाम विचारा.

आकाशवाणीचं ॲप मात्र जरूर घ्या. त्यावर रत्नागिरी, नागपूर, पणजी, जळगाव अशी लांबची केंद्रं ऐकता येतात. माझी नणंद मस्कतला असते. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिच्याकडे सहा, आणि ती स्वयंपाकघरात पुण्याचं स्टेशन लावते. मग आमचं बोलणं त्या दिवशी वाजलेल्या गाण्यावरून सुरू होतं. ॲपवरचा आवाज हवेतल्या आवाजापेक्षा मागे असतो, हे लक्षात ठेवा. एका घरात रेडिओ आणि ॲप दोन्ही लावलेत तर एकच गाणं दोनदा, पुढे-मागे ऐकू येईल.

कुठे ठेवावा

एफएम आणि मीडियम वेव्ह यांचं वागणं वेगवेगळं आहे. हे माहीत नसल्यामुळे चांगले रेडिओ माळ्यावर जातात.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत येतात. मध्ये डोंगर, उंच इमारत किंवा लोखंडी कपाट आलं की गाण्यामागे शू शू सुरू होते. रेडिओ खिडकीजवळ ठेवा, लोखंडी कपाटावर नको. एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब असते, म्हणून तिच्या पाव लांबीची, म्हणजे अडीच फुटांच्या आसपासची एरियल तिला चांगली पकडते. एरियल पूर्ण ओढा आणि मग उभी, आडवी, तिरकी करून बघा. भिंतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना मारतात, त्यामुळे रेडिओ वीतभर सरकवला तरी मोठा फरक पडतो. जागा एकदा सापडली की तिथे खडूने खूण करून ठेवा. पुसापुशीत रेडिओ हलतो.

मीडियम वेव्हला ही बाहेरची एरियल काही उपयोगाची नाही. तिची एरियल रेडिओच्या पोटात असते, तांब्याची तार गुंडाळलेली काळी कांडी. ती बहुधा रेडिओच्या लांबीला समांतर बसवलेली असते. म्हणून मीडियम वेव्ह ऐकताना रेडिओच जागच्या जागी फिरवायचा. त्याची रुंद बाजू स्टेशनच्या दिशेला आली की आवाज भरतो, अरुंद बाजू आली की बसतो. आणि याचा उलटा उपयोगही होतो. खरखर जिथून येते, तिच्याकडे अरुंद बाजू करायची.

खरखर कुठून येते? माझ्याकडे पहिला मान मशीनच्या मोटरचा. शिलाई मशीनच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते फिरताना बारीक ठिणग्या पडतात आणि त्या ठिणग्या मीडियम वेव्हवर कर्रकर्र ऐकू येतात. ब्रश झिजले की ती वाढते. त्यानंतर एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इंडक्शन शेगडी. गुन्हेगार शोधायची सोपी रीत अशी : रेडिओ सेलवर चालवा, स्टेशन लावा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जा. ज्या बटणाला आवाज स्वच्छ होईल, ती वस्तू. मग तिला आणि रेडिओला लांब लांब ठेवा. आमच्याकडे रेडिओच्या जवळचा दिवा बदलला आणि मोटरचा बोर्ड खोलीच्या दुसऱ्या टोकाला घेतला. शिवाय सासूबाईंचं पायमशीन मी विकलं नाही. संध्याकाळी मीडियम वेव्हवर काही खास ऐकायचं असेल तर मी त्यावर बसते. त्याचा आवाज होतो तो लयीत होतो, आणि रेडिओत तर मुळीच शिरत नाही.

रात्री मीडियम वेव्ह लांबून येते. दिवसा हवेच्या वरच्या थरातला एक पट्टा या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो पट्टा विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परत फिरून दूरदूर उतरतात. म्हणून रात्री एका स्टेशनमागे दुसऱ्या भाषेतलं गाणं हलकेच ऐकू येतं. तो रेडिओचा बिघाड नाही. थोडा फिरवा, दोहोंतलं एक पुढे येईल. हिवाळ्यात कधी तरी मुद्दाम रात्री काटा फिरवत बसा, मजा येते.

कोणत्या कामाला कोणता कार्यक्रम

सकाळी लावला तो रात्री बंद केला, असं करू नका. दिवसभर चालू असलेला रेडिओ दोन तासांनंतर पंख्यासारखा होतो, वाजतो पण ऐकू येत नाही. दिवसातल्या ठरलेल्या वेळा धरा आणि मधल्या वेळी बंद ठेवा.

माझा पहिला नियम : कापड बेतताना रेडिओ बंद. छाती छत्तीस, उंची साडेतेरा, मुंढा, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, सगळं डोक्यात असतं, आणि तेवढ्यात एखादी ओळखीची तान आली की आकडा निसटतो. तुम्ही शिवत नसाल तर तुमचं बेतण्याचं काम कोणतं ते ओळखा. हिशेब, पत्र, मुलांचा अभ्यास घेणं, ज्यात मनातल्या मनात शब्द किंवा आकडे चालतात ते. त्याला शांतता द्या.

सरळ टिपा, फॉल, अस्तर जोडणं या कामांना फर्माईशीची गाणी चांगली. आकाशवाणीवरची 'आपली आवड' असो की विविध भारतीच्या दुपारच्या फर्माईशी, गाणी येत राहतात, एखादं निसटलं तरी चालतं. संध्याकाळी सातच्या सुमारास सैनिकांसाठीचा 'जयमाला' लागतो. सीमेवरचा जवान कुठलं गाणं मागतो, ते ऐकताना मला त्याच्या घराचा अंदाज बांधायची सवय आहे. आठच्या 'हवामहल'मध्ये संगीत नाही, छोट्या नाटिका असतात, पण काज-बटणाला तो उत्तम.

रात्री दहाचं 'छायागीत' मी शिवताना ऐकत नाही. तेव्हा फार तर हाताने हेमिंग. एक निवेदक मनात एक विषय धरतो आणि त्याभोवती गाणी गुंफतो. गाण्यांच्या मधलं त्याचं बोलणं गाण्याइतकंच ऐकायचं असतं. दिवसातला एकच कार्यक्रम ऐकायला वेळ असेल, तर माझ्या मते तो हा.

सकाळी साडेसातची 'संगीत सरिता' मात्र मी शिकवणीसारखी ऐकते. पंधरा मिनिटांत एखादा राग, त्याचे स्वर, एखादी बंदिश आणि त्या रागावर बांधलेलं चित्रपटातलं गाणं. मी गाणं शिकलेली नाही. माझी रीत अशी : एका वेळी एकच राग धरायचा. सुरुवात यमनपासून केली, कारण तो मराठी भावगीतांत आणि हिंदी गाण्यांत सारखा भेटतो. 'नि रे ग' ही चाल कानात बसवली आणि मग दिवसभर येणाऱ्या गाण्यांत ती शोधत राहिले. मग भैरवी. मग शिवरंजनी, आणि ती तर रोज पहाटे घरी येतच होती. आकाशवाणीची सभा सुरू होताना वाजणारी ती व्हायोलिनची धून शिवरंजनीवर बेतलेली आहे. नाझींच्या भीतीने युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने ती 1936 मध्ये रचली. एवढं कळल्यावर मी सकाळी दोन मिनिटं आधी रेडिओ लावायला लागले.

शास्त्रीय संगीत ऐकायचं असेल तर आठवड्याचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आहेच. तो 1952 पासून चालत आलेला आहे. 26 जानेवारी 2016 पासून आकाशवाणीने 'रागम' नावाची शास्त्रीय संगीताची वेगळी वाहिनी सुरू केली, ती ॲपवर मिळते. संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणं लागतात तेव्हा साथीकडे लक्ष द्या. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, त्यामुळे त्या काळच्या गायनात सारंगी स्वच्छ ऐकू येते. माझ्या कानाला सारंगीची गोडी त्या ध्वनिमुद्रणांनी लावली.

कार्यक्रमांच्या वेळा अधूनमधून बदलतात. वर दिलेल्या वेळा माझ्या सवयीतल्या आहेत. केंद्रं सकाळी दिवसभराच्या कार्यक्रमांची रूपरेषा सांगतात. ती ऐका आणि आपलं वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला लावा. आमच्याकडे ते मापाच्या टेपशेजारी, खिळ्याला अडकवलेलं असतं.

चार रकान्यांची वही

या सगळ्यातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. एक वही घ्या आणि पानाचे चार रकाने पाडा : गाण्याची पहिली ओळ, गायक, गीतकार, संगीतकार. सिनेमाचं नाव पहिल्या ओळीखाली बारीक अक्षरात.

विविध भारतीचा आणि आकाशवाणीचा चांगला निवेदक ही सगळी नावं सांगतो. हा माझ्या लेखी त्या माणसाच्या कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे. गायकाचं नाव जगाला माहीत असतं. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, हे सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक वेळा गाण्याचं नाव आणि गायक एवढंच दिसतं.

प्रत्येक गाणं लिहायचं नाही. ऐकताना हात थांबला, तर ते गाणं लिहायचं. नावं हुकली तर पहिली ओळ आणि वेळ लिहून रकाने रिकामे सोडा. ते गाणं पुन्हा कधी तरी लागतं आणि रकाना भरतो. मी पेन्सिल वापरते, कारण टेबलावर पाण्याचा शिपका असतो आणि पेनाची शाई पसरते.

वहीची पंचवीस-तीस पानं भरली की चौथा रकाना वरून खाली वाचा. मी वाचला तेव्हा मराठीत वसंत प्रभू पुन्हा पुन्हा दिसले. त्यांच्याबरोबर तिसऱ्या रकान्यात पी. सावळाराम, दुसऱ्यात लताबाई. लावणीच्या पानांवर वसंत पवार आणि राम कदम. हिंदीत रोशन. तोवर मी 'मला लताबाईंची गाणी आवडतात' एवढंच म्हणत असे. आता मला काय आवडतं ते नेमकं सांगता येतं, आणि निवेदकाने संगीतकाराचं नाव घेतलं की कान आधीच टवकारतात.

वही काही काळ चालली की आपोआप एक खेळ सुरू होतो. गाण्याआधीचे वाद्यांचे तुकडे ऐकून संगीतकार ओळखायचा. निवेदकाने नाव आधी सांगितलं असेल तर मजा जाते, म्हणून मुलीला मी रेडिओकडे पाठ करून कानावर हात ठेवायला लावत असे. खुणा हळूहळू सापडतात. टांग्याच्या टापांचा ठेका आणि सारंगीचा तुकडा आला की ओ. पी. नय्यर मनात येतात, पण मग आवाज लताबाईंचा लागला तर तो अंदाज लगेच सोडून द्यायचा, कारण नय्यरांनी लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही.

काटा हलवू नका

नवीन ऐकणाऱ्याला माझी एकच अट असते. नावडतं गाणं लागलं तरी त्याच्या पुढचं गाणं संपेपर्यंत स्टेशन बदलायचं नाही. पहिल्या चार ओळींत न आवडलेली कितीतरी गाणी दुसऱ्या कडव्यात उघडतात, आणि तिथवर पोहोचायला ती तीन-साडेतीन मिनिटं द्यावीच लागतात. निवडीचं काम ज्या निवेदकाकडे दिलं आहे, त्याला ते करू द्या.

खाजगी एफएमबद्दल माझं मत विचारतात. ती स्टेशनं 2001 मध्ये बेंगळुरूपासून सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईत आली. त्यांची मराठी चटपटीत असते, रस्त्यावरची कोंडी कळते, रिक्षात बसलं की मीही ऐकते. पण त्यांचं पोट जाहिरातींवर चालतं, म्हणून सगळ्यांना आधीच आवडलेली तीच गाणी फिरून फिरून लागतात. आणि एक गोष्ट मला मनापासून खुपते : गाणं सुरू झालं तरी बोलणं थांबत नाही. गाण्याच्या आधीचा वाद्यमेळ कुणीतरी रात्र रात्र बसून बांधलेला असतो, वीस-वीस वादक एकत्र वाजवत असतात, आणि त्यावर बक्षिसाची घोषणा होते. जिथे गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत अख्खं लागतं, ते स्टेशन चांगलं. पारखायला एवढी एक कसोटी मला पुरते. जवळपास एखादं सामुदायिक रेडिओ केंद्र असेल तर तेही लावून बघा. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' 107.4 वर आहे, म्हसवडला 'माणदेशी तरंग' 90.4 वर. तिथे आसपासच्या माणसांनी गायलेल्या ओव्या आणि भजनं ऐकायला मिळतात, जी दुसरीकडे कुठेच वाजत नाहीत.

सिनेमाची गाणी रेडिओवर असावीत की नसावीत, हा वाद आपल्याकडे एकदा मोठा झाला होता. 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काटा श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे फिरवला. तिथे त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीनेच विविध भारती सुरू केली, पंडित नरेंद्र शर्मांच्या देखरेखीखाली. वर सांगितलेला शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम आणि 1954 पासूनची आकाशवाणी संगीत संमेलनं हीही केसकरांच्याच काळातली देणगी, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. पण शंकर-जयकिशन ऐकणाऱ्याला मल्लिकार्जुन मन्सूर कळणार नाहीत, असं मानणं अन्यायाचं होतं. माझ्या वहीत दोघांची पानं शेजारी-शेजारी आहेत.

फर्माईश कशी पाठवावी

आता फर्माईशी मोबाइलवरूनही घेतात. निवेदक क्रमांक सांगतो तो टिपून ठेवा. पत्र लिहायची सोय असेल तिथे मी अजून पोस्टकार्डच लिहिते. गाण्याची ओळ, सिनेमा, गायक आणि संगीतकार स्पष्ट लिहा, म्हणजे शोधणाऱ्याचा वेळ वाचतो. जे गाणं आठवड्यातून दोनदा वाजतंच, ते मागू नका. त्याच सिनेमातलं कमी वाजणारं गाणं मागा. वहीतल्या अर्धवट रकान्याचं गाणं मागितलंत तर रकानाही भरेल. झारखंडातलं झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव निव्वळ फर्माईशींमुळे देशभर माहीत झालं. तिथल्या लोकांनी पत्रं लिहायचं सोडलं नाही, एवढंच त्यांचं भांडवल.

आणि मागायचं काही नसलं तरी पत्र लिहा. अमुक तारखेच्या छायागीतात तुम्ही तमुक दोन गाणी जोडून लावलीत, ती जोडी फार सुंदर होती, असं नेमकं लिहा. काचेच्या खोलीत एकट्याने बोलणाऱ्या माणसाला कुणी कसं ऐकलं ते एरवी कळत नाही. चूक झाली असेल, चुकीचा गीतकार सांगितला असेल, तर तेही आदराने कळवा.

घरातली माणसं

एका घरात एक रेडिओ असेल तर वेळा वाटून घ्या. आमच्याकडे सासूबाई होत्या तोवर पहाटेपासून साडेसातपर्यंत रेडिओ त्यांचा. अभंग, भक्तिगीतं, मग बातम्या. त्यांच्यामुळे मला भीमसेनजींच्या अभंगांची सवय लागली, नाहीतर त्या वेळी मी रेडिओ लावलाच नसता. दुसऱ्याच्या वेळेत जे कानावर पडतं ते पडू द्या, हेही त्यातूनच शिकले.

सासूबाई 1955 साली सदाशिव पेठेत शाळकरी मुलगी होत्या. त्या वर्षी रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, कार्यक्रमाची कल्पना सीताकांत लाड यांची. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी 56 गीतं, पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर शेजारपाजार जमायचा, रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. सासूबाईंना त्यातली कितीतरी गीतं अखेरपर्यंत तोंडपाठ होती. आठवड्याला एकच गीत मिळायचं, त्यामुळे ते आठ दिवस मनात घोळायचं. मी अजून हे करून बघते. आठवड्यातलं एक गाणं ठरवते आणि ते मोबाइलवर न शोधता, ऐकलं तेवढ्यावरून जमेल तसं गुणगुणत राहते. शब्द अडतात, मग पुन्हा ते गाणं कधी लागतंय याची वाट बघावी लागते.

आवाज किती असावा? शेजारच्या खोलीतल्या माणसाला गाणं कुठलं ते कळावं, पण शब्द कळू नयेत, एवढा. गिऱ्हाईक आलं की आवाज कमी करते, बंद करत नाही. पुष्कळदा त्यांचंच बोलणं मध्येच थांबतं आणि त्या म्हणतात, थांबा हो, हे गाणं संपू दे.

निगा

आवाजाचं बटण फिरवताना खर्र खर्र झालं तर आत धूळ बसली आहे. रेडिओ बंद करून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीसदा फिरवा, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो, तो दुरुस्तीवाल्याकडून मारून घ्या. काट्याच्या रेडिओत डायलची दोरी सैल होते आणि काटा एका जागी अडकतो. दोरी बदलणं किरकोळ काम आहे, त्यापायी रेडिओ भंगारात देऊ नका. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं आहेत, तिथे विचारत गेलात तर जुने सेट उघडणारे कारागीर सापडतात. जाताना रेडिओबरोबर त्याची वायर आणि सेलचं झाकणही न्या.

शिवणाच्या खोलीत रेडिओवर रोज कपडा टाका, कारण कापडाची बारीक लव जाळीतून आत जाते. आणि गावाला जाणार असाल तर सेल काढून ठेवा. विसरलेले सेल पाझरतात, आतल्या पट्ट्या गंजतात. गंज चढलाच तर पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, स्प्रिंग थोडी बाहेर ओढा आणि नवे सेल घाला.